व्हिएन्नात पहिल्यांदा ऑपेरेटा ऐकताना

ऑपेरेटा, म्हणजे हलकीफुलकी संगीतनाटिका, ऐकायला आपण प्रथमच जात आहात, म्हणून मोजकेच सांगतो. जुन्या प्रासादाच्या छोट्या दालनात सहसा पूर्ण नाटक नसते, तर दोघे-तिघे गायक आणि मोजके वादक निवडक गीते सादर करतात. तेथे अखंड कथेची अपेक्षा ठेवणे ही नवख्यांची नेहमीची चूक. तरीही, १८७४ साली व्हिएन्नातल्याच थिएटर आन डेर वीन या नाट्यगृहात प्रथम रंगलेल्या योहान श्ट्राउस यांच्या ‘दी फ्लेडरमाउस’ या ऑपेरेटाचे कथानक आधी वाचून जा, कारण त्यातील प्रिन्स ऑर्लोफ्स्की या पुरुषपात्राचे गीत बहुधा स्त्री गाते आणि ते ठाऊक नसेल तर गोंधळ उडतो. शक्यतो पुढची खुर्ची घ्या. वॉल्ट्झ या तीन ठोक्यांच्या नृत्यसंगीतातला दुसरा ठोका वादक किंचित आधीच घेतात, ती लकब जवळून स्पष्ट कळते. गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येतो. प्रत्येक गीतानंतर मनमोकळ्या टाळ्या वाजवा, आणि जर्मन येत नाही म्हणून मुळीच संकोचू नका.