संसर्ग, स्थानांतर, रूपांतरण: तिन्हींना ‘संक्रमण’ चालेल का?

प्रश्न असा: अॅग्रोबॅक्टेरियम (वनस्पतीत आपला डीएनए घालणारा जिवाणू) वापरून तंबाखूच्या पानात जनुक घालण्याची कृती मराठीत लिहायची आहे. त्यातल्या इन्फेक्शन, ट्रान्सफर आणि ट्रान्सफॉर्मेशन या तिन्हींना ‘संक्रमण’ म्हटलं तर बिघडेल का?

बिघडेल. या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीत काम वेगळ्या कारणाने फसतं. ‘संक्रमण झालं नाही’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याने नेमकं काय सुधारायचं?

पहिली पायरी संसर्ग. पानाच्या चकत्या जिवाणूंच्या द्रावणात पाच-दहा मिनिटं बुडवायच्या, टिपकागदावर टिपायच्या आणि माध्यमावर दोन-तीन दिवस ठेवायच्या (हे सहसंवर्धन). द्रावण दाट झालं किंवा चकत्या नीट टिपल्या नाहीत, तर जिवाणू माजतात आणि चकती सडते. ‘लागण’ हा शब्द एरवी छान, पण पिकांच्या मजकुरात उसाचीही लागण (म्हणजे लागवड) होते, म्हणून तो टाळावा.

दुसरी, स्थानांतर. जिवाणू चिकटले तरी जनुक जाईलच असं नाही. जखमेतून झिरपणाऱ्या अॅसिटोसिरिंगोनसारख्या रसायनांनी जिवाणूतली ‘व्हिर’ जनुकं (डीएनए पोचवण्याची यंत्रणा चालवणारी) जागी व्हावी लागतात. तंबाखूत ही रसायनं आपसूक मिळतात. भातासारख्या एकदलात माध्यमात साधारण १०० मायक्रोमोलर अॅसिटोसिरिंगोन घालतात. माध्यम किंचित आम्लधर्मी, पीएच ५.५च्या आसपास, आणि तापमान २२ ते २५ अंश हवं. २८च्या वर गेलं की जिवाणू मजेत वाढतात, पण डीएनए पोचवण्याची यंत्रणा ढेपाळते. जातो तो टी-डीएनएचा (जिवाणूतून वनस्पतीत जाणाऱ्या डीएनएच्या तुकड्याचा) एकेरी धागा. जिवाणूतली त्याची जागा लगेच भरून निघते. त्यामुळे ‘हस्तांतर’ नको, त्यात मालकी बदलल्याचा वास आहे.

तिसरी पायरी म्हणजे जनुकीय रूपांतरण: तो तुकडा वनस्पतीच्या गुणसूत्रात कायमचा बसणं. नुसतं ‘रूपांतरण’ लिहिलं तर सुरवंटाचं फुलपाखरू आठवतं, म्हणून ‘जनुकीय’ गाळू नये. सर्वांत जास्त गफलत इथेच होते. गस हे खूणजनुक (तपासणीत निळा रंग देऊन आपली हजेरी दाखवणारं जनुक) वापरलं, की तिसऱ्या दिवशी तपासणीत चकतीवर निळे ठिपके दिसतात आणि ‘रूपांतरण यशस्वी’ असं लिहिलं जातं. ते ठिपके फार तर स्थानांतराचा पुरावा. तोही गसमध्ये इंट्रॉन (जनुकातला मधला तुकडा, जो जिवाणूला कापून काढता येत नाही) असेल तरच, नाहीतर उरलेले जिवाणूही निळा रंग देऊ शकतात. गुणसूत्रात न बसलेला डीएनए पुढे नष्ट होतो आणि ठिपके विरळ होत जातात.

रूपांतरण ठरतं ते निवडीनंतर. दर लिटरला १०० मिलिग्रॅम कॅनामायसिन (सोबतचं प्रतिरोधक जनुक न बसलेल्या पेशी वाढू न देणारं प्रतिजैविक) आणि जिवाणू मारायला २५० ते ५०० मिलिग्रॅम सेफोटॅक्सिम घातलेल्या माध्यमावर कोंब वाढवतात. माध्यमाला न टेकलेला कोंब जनुक नसतानाही हिरवा राहतो, म्हणून त्याला कॅनामायसिनमध्येच मुळं फुटू द्यावीत. पीसीआरमध्ये (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवून तो ओळखण्याच्या तपासणीत) सोबत व्हिर जनुकाचीही चाचणी करावी. त्याचा पट्टा उमटला तर नमुन्यात जिवाणू शिल्लक आहे, आणि तुमच्या जनुकाच्या पट्ट्यावर भरवसा ठेवता येत नाही.

जाता जाता, ‘व्हिर’चं भाषांतर ‘विषाणू-जनुकं’ करू नका. ते ‘व्हिरुलन्स’चं, म्हणजे रोगकारकतेचं लघुरूप आहे, इथे विषाणूचा काडीचा संबंध नाही.