तूप बंद करू का?

प्रश्न : ताई, ह्यांचं वय ६१. आठ महिन्यांपूर्वी अल्सरसाठी ऑपरेशन झालं. जठराचा मोठा भाग काढला आणि उरलेला सरळ लहान आतड्याला जोडला. वजन ६४ वरून ५३ किलोवर आलंय. शौच फिकट, तेलकट. बादलीभर पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहते. शेजारणी म्हणतात, तूप-तेल बंद करा. पाचक कॅप्सूल चालू आहेत, त्या मी सकाळच्या गोळ्यांबरोबर उपाशीपोटी देते. आता पोहेही बंद करू का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : वहिनी, तूप बंद करू नका. कॅप्सूलची वेळ बदला.

एरवी जठर अन्न थोडं थोडं पुढे सोडतं. आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला स्निग्ध पदार्थ लागले की पित्त आणि स्वादुपिंडाचे रस तिथे येतात. भाऊंच्या ऑपरेशनमध्ये तो भाग बाजूला राहिला. अन्न घाईने पुढे जातं, रस मागाहून पोचतात. पंगत उठल्यावर तुपाचा वाढपी यावा, तसं होतं. न पचलेलं तूप शौचावाटे जातं आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही घेऊन जातं.

उपाशीपोटी घेतलेली कॅप्सूल अन्नाला भेटतच नाही. ती पहिल्या घासाबरोबर हवी. एका जेवणाला दोन असतील तर दुसरी जेवणाच्या मध्यावर. आतले दाणे चावायचे नाहीत. दुधाबरोबर किंवा मधल्या खाण्याबरोबरही लागते. किती घ्यायच्या, ते डॉक्टरांना विचारा.

माझ्या बाबांचंही हेच ऑपरेशन झालं होतं. आईने सहा महिने त्यांना बिनफोडणीचं वरण दिलं, काळजीपोटीच. बाबांचे गाल आत गेले, सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं, याचं अजून वाईट वाटतं.

दिवसातून सहा वेळा थोडं थोडं वाढा, दर वेळी लहान चमचाभर तूप. एकदम वाटीभर श्रीखंड किंवा तळलेले गराडू नकोत. आपले इंदुरी पोहे वाफेवरचे, तेल बेताचं, ते खुशाल द्या. वर चिमूटभर शेव चालेल. जिलबी मात्र नको. साखर एकदम आतड्यात उतरली की घाम सुटतो, छाती धडधडते. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने.

अकरा किलो घट मोठी आहे, म्हणून याच आठवड्यात सर्जनना भेटा. बाजूला राहिलेल्या आतड्यात जंतू वाढले तरी असंच होतं, त्यावर औषध वेगळं असतं. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही तपासून घ्या. काळी शौच किंवा सतत उलट्या झाल्या तर त्याच दिवशी दाखवा.

पुढे आई बाबांची कॅप्सूल ताटात मिठाशेजारी वाढायची. तुम्हीही आज रात्रीपासून तशीच वाढा.