फ्रीमाँटला निघण्याआधी: कागद, शाळा आणि एकविसावा वाढदिवस

ताई, तुम्ही विचारलंय: मुलगा ११ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम, मिस्टरांना एच-१बीवर (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला नोकरी, जूनमध्ये कोल्हापूरचं राजारामपुरीतलं घर बंद करून निघायचं. तिकडे एकटं वाटेल का, हेही विचारलंत. आणि शेवटी, "तिकडे अशा मुलांसाठी सगळं असतं ना?"

असतं. मागितलं तर. तेही लेखी, तारीख घालून. तोंडी मागितलेलं तिथं कुणी मागितलंच नव्हतं असं धरतात. व्हिसाचे फॉर्म आणि फी सरकारी साइटवर आहेत, ते सोडतो.

पहिलं म्हणजे जून रद्द करा. शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होते. विशेष शिक्षणासाठी तुम्ही तपासणीचा अर्ज दिलात की डिस्ट्रिक्टने (तिथल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) १५ दिवसांत तपासणीचा आराखडा द्यायचा, आणि त्यावर तुमची सही झाली की ६० दिवसांत तपासणी पुरी करून आयईपीची मीटिंग घ्यायची. आयईपी म्हणजे मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, तिथला सगळा खेळ या एका कागदावर. पण शाळेला पाच दिवसांपेक्षा मोठी सुट्टी लागली की दोन्ही घड्याळं थांबतात. जूनमध्ये पोचलात तर दोन महिने नुसते भाडं भराल. दुसऱ्या राज्यातून आयईपी घेऊन आलेल्या मुलाला नवी तपासणी होईपर्यंत तात्पुरती सोय मिळते, आपल्या विशेष शाळेचं प्रगतिपुस्तक मात्र आयईपी धरत नाहीत. म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोचा. भाडेकरार हातात आला की नाव घाला आणि त्याच दिवशी अर्ज द्या.

अर्जात एक वाक्य हवंच: "अपंगत्वाची शंका असलेल्या सर्व क्षेत्रांत तपासणी करावी." खाली नावं लिहा: बौद्धिक क्षमता, वाचा, ऑक्युपेशनल थेरपी, दैनंदिन कौशल्यं, श्रवण. "सर्व क्षेत्रांत" गाळलंत तर वाचन-गणित तपासून मोकळे होतील आणि स्पीचसाठी पुन्हा नवा अर्ज, पुन्हा ६० दिवस. मुलाची तपासणी त्याच्या भाषेत व्हायला हवी असं केंद्राचा कायदा सांगतो, त्यामुळे घरची भाषा विचारतात त्या फॉर्मवर "मराठी" लिहा. चांगलं दिसावं म्हणून "इंग्लिश" लिहिणारे आईबाप खूप. मग मराठीत दोनशे शब्द समजणाऱ्या मुलाला इंग्लिशमध्ये वीस समजतात अशी नोंद फायलीला कायमची चिकटते.

बिनेट-कामत (बुद्ध्यांकाची चाचणी) आणि व्हीएसएमएस (सामाजिक परिपक्वतेची चाचणी) यांचे रिपोर्ट घेऊन जा. तिथले मानसशास्त्रज्ञ ते आकडे वापरणार नाहीत, पण अडचण लहानपणापासूनची आहे याचा तोच पुरावा. जुन्या दाखल्यावर "मतिमंद" असेल तर "बौद्धिक अक्षमता" लिहिलेला नवा घ्या. सोबत गुणसूत्रांचा रिपोर्ट, हृदयाचा इको, शेवटची थायरॉइड तपासणी. लसींचं कार्डही काढून बघा. सरकारी वेळापत्रकात कांजिण्यांची लस नाही आणि गोवर-रुबेलाच्या लसीत गालगुंड येत नाही. तिथं शाळेत घालताना दोन्ही मागतात. कांजिण्यांच्या दोन डोसांत तीन महिन्यांचं अंतर लागतं, त्यामुळे पहिला आत्ताच द्या. बीसीजी झालेल्या मुलाची टीबीची त्वचाचाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, तिथं रक्ताची चाचणी मागा. फिटचं औषध चालू असेल आणि ते क्लोबाझाम असेल, तर अमेरिकेत ते नियंत्रित औषधांत मोडतं. मूळ पाकीट आणि ब्रँडऐवजी औषधाचं नाव लिहिलेली इंग्लिश चिठ्ठी जवळ ठेवा.

आता मीटिंग. टेबलापलीकडे सहा-सात माणसं, सगळी हसतमुख, आणि तासाभरात तुमच्यापुढे सहीचा कागद. त्या दिवशी सही करू नका. हजेरीची सही वेगळी, संमतीची वेगळी. घरी न्या, वाचा. पटेल तेवढ्या भागाला संमती देता येते, बाकीचं नाकारता येतं. २४ तास आधी लेखी कळवलंत तर रेकॉर्डिंग करता येतं. मराठी दुभाषी मागा, इंग्लिश येत असलं तरी मागा. रडू आलं की इंग्लिश आधी पळतं. थेरपी "गरजेनुसार" लिहिली असेल तर ती मिळणार नाही. "आठवड्यात दोनदा, ३० मिनिटं, वर्गाबाहेर" असं लिहून घ्या. बसची सोयही त्याच कागदात हवी.

सोबत वर्गातल्या मदतनीस बाईंसाठी एक पान. समजा मुलगा "मम" म्हणतो म्हणजे पाणी, "भू" म्हणजेही पाणी पण अंघोळीचं, "शू" म्हणजे काय ते तिथं सांगावं लागतं, कारण इंग्लिशमध्ये शू म्हणजे बूट. एकाने लघवी सांगायची आणि दुसरीने बूट तपासायचे, हे होतं. समोर उच्चार, पलीकडे अर्थ, असे तीसेक शब्द. लॅमिनेट करून दप्तराला अडकवा.

याच ओघात कुणीतरी गोड आवाजात सुचवेल, "घरीही इंग्लिशच बोला, त्याचा गोंधळ होईल." ऐकू नका. दोन भाषांमुळे डाऊन सिंड्रोमच्या मुलांचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही. हा सल्ला मुकाट मानणाऱ्या घरांत मूल आणि आजी व्हिडिओ कॉलवर एकमेकांकडे बघून नुसती हसतात. याचा राग माझा अजून गेलेला नाही, म्हणून इतकं लिहिलं.

शाळेबाहेरचं सगळं रीजनल सेंटरकडे, म्हणजे अशा मुलामाणसांना सेवा मिळवून देणाऱ्या केंद्राकडे. १९६९ च्या लँटरमन कायद्यातून आलेली अशी २१ केंद्रं कॅलिफोर्नियात आहेत. फ्रीमाँटचं म्हणजे रीजनल सेंटर ऑफ द ईस्ट बे. नागरिकत्व विचारत नाहीत, एच-४ (एच-१बीवाल्याच्या बायकामुलांचा व्हिसा) चालतो. पण "डाऊन सिंड्रोम" हा त्यांच्या यादीतला शब्द नाही. बौद्धिक अक्षमता आहे. ती १८ च्या आधीची आणि स्वतःची काळजी, भाषा, शिकणं, हालचाल, स्वतःचे निर्णय अशा सात क्षेत्रांपैकी किमान तीनांत मोठी अडचण, हे दाखवावं लागतं. आपण पोराचं कौतुक करायला जातो, "सगळं स्वतः करतो हो!" आणि फाइल बंद. बटण कोण लावतं, ढुंगण कोण धुतं, रस्ता ओलांडताना हात कोण धरतं, हे लाज न बाळगता सांगा. नकार आला तर ६० दिवसांत अपील. डिसेबिलिटी राइट्स कॅलिफोर्नियाचे वकील फुकट सल्ला देतात. आईबापांना आईबापांकडूनच शिकायचं असेल तर सॅन होजेची पेरेंट्स हेल्पिंग पेरेंट्स आहे.

विम्याचं एकच: एचआरला विचारा की स्पीच थेरपी गेलेली वाचा परत आणण्यापुरतीच आहे, की मुळात न आलेल्या वाचेसाठीही. बरेच प्लॅन पहिल्यावरच थांबतात.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. पुढे.

खरी गोष्ट आता. विशेष शिक्षण २२ व्या वर्षापर्यंत मिळतं, मात्र बारावीला पूर्ण डिप्लोमा घेतलात तर तिथंच संपतं. तेव्हा प्रमाणपत्राचा पर्याय नीट विचारून घ्या. पण एच-४ व्हिसा २१ व्या वाढदिवसाला संपतो. अपंगत्वासाठी त्यात सूट नाही. भारतीयांची नोकरीवरच्या ग्रीन कार्डची रांग दहा वर्षांहून लांब आहे आणि तुमच्या मुलाच्या हातात दहाच वर्षं आहेत. इतर मुलं कॉलेजात नाव घालून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात, याला ती फळी नाही. म्हणून मिस्टरांना सही करण्याआधी कंपनीकडून लेखी घ्यायला सांगा की ग्रीन कार्डची प्रक्रिया पहिल्याच वर्षी सुरू करणार. "बघू" म्हणाले तर इथून निघायचं की नाही याचा पुन्हा विचार करा. एवढं स्पष्ट मला कुणी सांगायला हवं होतं.

आणि कोल्हापूरचं टोक सोडू नका. यूडीआयडी कार्डावरची (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रावरची) मुदत बघा. संपत आली असेल तर जायच्या आधीच सीपीआर या सरकारी रुग्णालयात नूतनीकरण करा. निरामय हा अपंगांसाठीचा आरोग्य विमा, एक लाखाचा, दर वर्षी चालू ठेवा. १८ झाल्यावर कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्या. त्यासाठी त्या वर्षीची सुट्टी आत्ताच धरून चाला. आणि शाळेतून नाव काढायला जाल तेव्हा बाईंना विचारून ठेवा, दर उन्हाळ्यात आलो की पंधरा दिवस त्याला त्याच वर्गात बसू देतील का.