नवरदेवाची करवली मागच्या खोलीत

नमस्कार काकू,

मी २७ वर्षांचा. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात कृषी सेवा केंद्र चालवतो. वैशाखात माझं लग्न आहे, मुलगी दिग्रसकडची. घरी आई, मी आणि मोठी ताई. ताई ३४ ची, लग्न झालं नाही, घरीच शिलाईचं काम करते. तिचं वजन लय वाढलं आहे. आमची आत्याही तशीच होती. मागच्या वर्षी उपकेंद्रात नेलं तर तिथल्या काट्यावर वजनच आलं नाही, म्हणून आडत्याच्या धान्याच्या काट्यावर केलं. १३८ किलो. उंची पाच फूट दोन इंच. हमाल हसले. तेव्हापासून ती दवाखान्याचं नाव काढू देत नाही. गुडघ्यांसाठी शेजारच्या गावच्या डॉक्टरकडून पुडीतल्या गोळ्या आणून देतो, त्यानं तिला बरं वाटतं. पण आळस फार. दिवसा मशीनवर बसल्या बसल्या डोळा लागतो, रात्री घोरते, मधेच श्वास अडकल्यासारखा आवाज येतो. आई भाकरी मोजून वाढते, तरी फरक नाही.

मुलीकडचे घर पाहायला आले तेव्हा आईनं ताईला मागच्या खोलीत बसवलं. आता म्हणते, करवली म्हणून चुलत बहिणीला उभी करू, ताई घर सांभाळेल. मित्र एक पावडर सांगतो, तीन महिन्यांत तीस किलो उतरते म्हणे. लग्नाच्या आधी वजन कमी करायला ताईला कसं समजावू? मला तिची लाज वाटते असं नाही, पण लोक काय म्हणतील याचं टेन्शन आहे.

– एक भाऊ

बापू,

तुझ्या पत्रात काटा काय म्हणाला ते आहे. हमाल, आई, मित्र, सगळ्यांचं म्हणणं आहे. लोक जे अजून बोललेलेही नाहीत, तेही आहे. ताई काय म्हणते, ते मात्र कुठेच नाही. मागच्या खोलीत बसायला सांगितलं तेव्हा ती काही बोलली का? तिला करवली व्हायचं आहे का? तू विचारलंच नसशील, असं मला वाटतं.

आणि समजावायचं काय? आपलं वजन जास्त आहे हे तिला कळायचं राहिलंय का? एसटीत चढताना कंडक्टर म्हणतो, "दोन तिकिटं काढा बाई." किराण्यात तेलाचं पाकीट मागितलं की "एवढं तेल एकटीलेच लागते का वो?" गल्लीतली लेकरं टुनटुन म्हणतात. माहेरवाशिणी सणाला आल्या की चहाच्या कपाबरोबर डाएट सांगतात. हे ऐकून माणूस बारीक होत असता तर तुझी ताई दहा वर्षांपूर्वीच झाली असती. होतं ते उलटच. २०२० साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून एक निवेदन काढलं. लठ्ठ माणसाला हिणवल्यानं त्याची तब्येत आणखी बिघडते आणि तो डॉक्टरांपासून दूर पळतो, असं त्यात मांडलं आहे. तुझ्या घरात हेच घडलंय. आडत्याच्या काट्यावर उभी राहिली आणि दवाखाना सुटला. पोत्यांच्या रांगेत, हमालांसमोर, स्वतःच्या भावानं नेलेली. मी असते तर मीही परत गेले नसते.

आता आकड्यांचं बोलू. १३८ किलो आणि पाच फूट दोन इंच म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, ५५ च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना ४० च्या पुढे लठ्ठपणाचा सगळ्यात वरचा वर्ग धरते. तोंड आवरलं नाही म्हणून कोणी इथवर येत नाही. हा आजार आहे, आणि त्याची मुळं बरीचशी रक्तात असतात. १९८६ साली डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक माणसांचा एक अभ्यास छापून आला होता. लहानपणी दुसऱ्याच्या घरी गेलेली, दुसऱ्याच्या हातचं खाऊन वाढलेली ही माणसं. मोठेपणी त्यांचं अंग जन्म देणाऱ्या आईबापांवर गेलेलं निघालं, पोसणाऱ्यांवर नाही. तू आत्याचा उल्लेख जाताजाता केलास, मला पत्रातली ती फार महत्त्वाची ओळ वाटली. एकाच चुलीवरचं खाऊन तू सडपातळ राहिलास यात तुझा पराक्रम काही नाही.

तीन महिन्यांत तीस किलोचं म्हणशील तर, सेमाग्लुटाइड नावाचं इंजेक्शन सध्या फार गाजतंय. भारतात ते वजनासाठी २०२५ पासून मिळतं. त्याच्या मोठ्या चाचणीत, आहार आणि व्यायाम सांभाळून, ६८ आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी १५ टक्के उतरलं. ताईच्या हिशेबानं वीसेक किलो, आणि तेही सव्वा वर्षापेक्षा जास्त काळात. तुझा मित्र सांगतो ती पावडर यापेक्षा भारी असती, तर ती पानठेल्यावरच्या ओळखीनं मिळाली नसती. अशा पावडरींत सिब्युट्रामिन नावाचं औषध मिसळलेलं जगभर सापडलंय. हृदयाला धोका म्हणून २०११ साली भारतात त्याच्यावर बंदी आली. ती पावडर घरात आणू नकोस.

उपाशी ठेवून झटपट उतरवलं तरी शरीर गप्प बसत नाही. अमेरिकेत टीव्हीवरच्या एका स्पर्धेत लोकांनी भराभर वजन उतरवलं होतं. त्यातल्या १४ जणांना केविन हॉल या संशोधकानं सहा वर्षांनी तपासलं. बहुतेकांचं वजन पुन्हा चढलं होतं. त्यांचं शरीर रोज अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं, म्हणजे दोनेक भाकरींचा हिशेब. तेव्हा आईला भाकरी मोजणं थांबवायला सांग. मोजून वाढलेलं ताट रोज समोर आलं की माणूस चारचौघांत कमी खातो आणि एकटा असताना जास्त. कितीतरी घरांत मी हे पाहिलंय. आईवर रागावू नकोस मात्र. "पोरीला आवर घाल" हे तिलाही इतकी वर्षं ऐकवलं गेलं असेल.

थोडं विषयांतर करते. आपल्या मुलखात अंग थोडं भरलं की 'खात्यापित्या घरची' म्हणून कौतुक होतं. त्याच्या पुढे गेलं की तीच बाई दुसऱ्याच्या वाट्याचं खाणारी ठरते. मला याचं एक कारण दिसतं. कोरडवाहू कापसाच्या गावात पिढ्यान्पिढ्या अंग सुटायचं ते सावकाराचं, नाहीतर बड्या पाटलाचं. बाकीच्यांची हाडं दिसायची. तो राग साधा नव्हता आणि खोटाही नव्हता. पण सावकाराच्या पोटाकडे बघून हसायची हिंमत कोणाची झाली? आता तो राग निघतो तो ब्लाउज शिवून पोट भरणाऱ्या बाईवर. काळ तर केव्हाच बदलला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या निघाल्या आणि जवळपास १९ टक्के कमी वजनाच्या. दोघी एकाच गल्लीत राहतात, कधी एकाच घरात. रेशनचा तांदूळ, पाम तेल आणि साखरेचा चहा हे स्वस्त. डाळ, अंडी, भाजी महाग. आणि निंदण-वेचणीला जाणारी पोरगी मशीनवर बसली की तिचं दिवसभराचं चालणंही गेलं.

"आळस फार" असं तू लिहिलंस, ते मला खटकलं. घोरणं, मधेच श्वास अडकणं आणि दिवसा बसल्या जागी डोळा लागणं, ही तीन लक्षणं एकत्र आली की डॉक्टरांना आधी स्लीप ॲप्नियाची शंका येते. झोपेत घशाची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू दचकून जागा होतो. रात्रभरात असं कितीदा झालं ते सकाळी तिला आठवत नाही. तिची रात्र झोपेत गेलेलीच नसते. चालत्या मशीनवर तिचा डोळा लागतो आणि बोट सुईखाली असतं, याची काळजी कर. यावर तपासणी आहे, आणि रात्री लावायचं हवेच्या दाबाचं यंत्रही आहे. वजन एक किलो उतरायच्या आधीसुद्धा तिला त्यानं आराम पडू शकतो.

आता लग्न. नवरदेवामागे कऱ्हा-दिवा घेऊन उभं राहण्याचा मान सख्ख्या बहिणीचा, हे तुला मी सांगायला नको. चुलत बहीण गोड पोरगी असेल, पण ताई हयात असताना तिला त्या जागी उभी केलीस तर सगळा गाव बघेल आणि बोलेलही. लोक काय म्हणतील याची तुला एवढी काळजी, तर हेही धरून चाल. लाज वाटत नाही असं तू लिहिलंस. वाटते रे. वाटली तरी हरकत नाही, पण ती तुझी आहे, तिच्यासाठी ताईला घर राखायला बसवू नकोस.

आधी तिच्याजवळ बस आणि विचार, "ताई, तू करवली होशील का?" तेवढंच. वजनाचं एक अक्षर नको. "आता तरी मनावर घे" असलं शेपूट तर मुळीच लावू नकोस. ती नाही म्हणाली तर का ते ऐक. गर्दीची भीती असेल किंवा खुर्ची मोडण्याची. कार्यालयातल्या हातांच्या प्लास्टिक खुर्च्या तिच्यासाठी शिक्षाच आहेत. घरून लाकडी बाक किंवा बिनहाताची मजबूत लोखंडी खुर्ची आदल्या रात्रीच नेऊन ठेव, सगळ्यांसमोर "ताईसाठी मोठी खुर्ची आणा रे" असं ओरडायची पाळी येऊ देऊ नकोस. मंगलाष्टकं ती बसून ऐकेल, शास्त्र काही मोडत नाही. वऱ्हाडाच्या बसऐवजी गाडीची पुढची सीट मागे सरकवून दे. कार्यालयात कमोड आहे का ते आजच विचार, कारण बाई दिवसभर पाणी पीत नाही ती याच धाकानं, आणि आपल्याकडचं वैशाखातलं ऊन तुला ठाऊक आहे. कूलर तिच्या बाजूला लाव.

आणि मुलीला फोन कर. आईनं नाही, तू. सरळ सांग, "तुमचे लोक आले तेव्हा माझी मोठी बहीण घरातच होती, आम्ही तिला आत बसवलं होतं. ते चुकलं. लग्नात माझी करवली तीच आहे." तुला भीती आहे ती मला कळते. पण एवढ्या कारणानं सोयरीक मोडणार असेल तर ती वैशाखाच्या आधी मोडलेली बरी. शिवाय ती पोरगी ताईबरोबर एका घरात राहणार आहे. मागच्या खोलीत कोण आहे हे तिला लग्नानंतर कळायला हवं का?

दवाखान्यात न्यायचं ते तिनं हो म्हटल्यावर, आणि त्याचा लग्नाशी संबंध जोडू नकोस. तुम्हाला यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि नागपूरचं एम्स त्यापुढे. आधी एकटा जाऊन चौकशी कर. एवढं वजन मोजणारा काटा आहे का, आडोशाला आहे का, रक्तदाब मोजायचा मोठा पट्टा आहे का. मोठ्या दंडाला लहान पट्टा बांधला की रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो आणि नको ती गोळी चालू होते. साखर, थायरॉइड, पाळीचे त्रास, झोप, गुडघे, सगळं एकदा नीट तपासून होऊ दे. वजन कमी करायच्या शस्त्रक्रियेचा विषय निघेल. बीएमआय ४० च्या पुढे असेल तर विमा कंपन्यांच्या नियमांतही, इतर उपाय करून झाले असतील तर आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं, तिला जागा आहे. करायची की नाही हे ताई ठरवेल. नाही म्हणाली तर पुन्हा पुन्हा तोच विषय काढू नकोस. ओट्यावर बसणंही तिनं सोडलं असेल, मन खचलेलं वाटत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

एका गोष्टीला मात्र वेळ लावू नकोस. त्या पुडीतल्या गोळ्या. नाव नसलेली, गुडघा हमखास थांबवणारी गोळी खेड्यापाड्यांत पुष्कळदा स्टेरॉइडची असते, प्रेडनिसोलोन नाहीतर डेक्सामेथासोन. त्यानं भूक वाढते, चेहरा गोल होतो, पोटावर चरबी चढते, साखर आणि रक्तदाब वर जातो. म्हणजे आई भाकरी मोजते आणि तू भूक वाढवणारी पुडी आणून देतोस, असंही असू शकतं. मी गोळी पाहिलेली नाही, त्यामुळे खात्रीनं सांगत नाही. पण त्या डॉक्टरकडे जा आणि गोळीचं नाव कागदावर लिहून माग. देत नसेल तर दोन गोळ्या घेऊन यवतमाळच्या मेडिसिन विभागात दाखव, किती महिने चालू आहेत तेही सांग. आणि हे नीट ऐक: घाबरून एकदम बंद करू नकोस. स्टेरॉइड बरेच दिवस घेतलेलं असेल तर शरीर स्वतःचं बनवायचं थांबलेलं असतं. अचानक तोडलं तर उलट्या होऊन, रक्तदाब पडून जिवावर बेतू शकतं. डॉक्टर ते हळूहळू कमी करतात. लग्नाची खरेदी आठवडाभर पुढे गेली तरी चालेल, ही पुडी घेऊन सोमवारीच नीघ.