संभाजीनगर (औरंगाबाद) कोणी वसवलं? आणि जुन्या शहरात राहायला जावं का?

तुम्ही लिहिलंय, "बदली होऊन येतोय, औरंगजेबाने वसवलेल्या या शहराच्या जुन्या भागात घर घ्यावं का?" घराचं नंतर बघू. शहर औरंगजेबाने वसवलेलं नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने वसवलं, १६१० साली, खडकी या गावाच्या जागी. औरंगजेबाचा जन्म १६१८चा. शहर त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठं आहे.

मी बेगमपुऱ्यात वाढले. एका अंगाला बीबी का मकबरा, दुसऱ्या अंगाला पाणचक्की (पाण्याच्या जोरावर फिरणारं जुनं जातं), मधे थत्ते हौद. माझे थोरले काका पुण्याला असत. दर मे महिन्यात यायचे, आम्हा सगळ्या पोरांना मकबऱ्यावर घेऊन जायचे आणि तिथल्या ओट्यावर बसून तेच सांगायचे, "हे सगळं औरंगजेबाचं. तो आला नसता तर इथे नुसता खडकाळ माळ असता." आठवीच्या सुट्टीत मी उलट विचारलं, "मग नहर कोणाची?" नहर म्हणजे जमिनीखालून गावात पाणी आणणारी जुनी वाहिनी. काका म्हणाले, "ते पाटाचं पाणी. काढलं असेल कोणी तरी."

ही गोष्ट शेजारच्या चाचांच्या कानावर गेली. चाचा गवंडी होते आणि त्यांच्या वडिलांनी नहरीच्या डागडुजीची कामं केलेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते काकांना आणि मला डोंगराच्या बाजूला घेऊन गेले. झुडपांत एक दगडी चौथरा होता, त्यावर फरशी. चाचांनी पहारीने फरशी सरकवली. आतून गार ओलसर हवा अंगावर आली. कडेच्या दगडांवर नेच्याची बारीक पानं होती, आणि खाली अंधारात पाणी वाहत असल्याचा स्पष्ट आवाज. मे महिना होता, आमच्या नळाला टिपूस नव्हता, आणि इथे पायाखाली पाणी चाललेलं.

मग त्यांनी तिथेच पडलेला खापरी नळाचा तुकडा काकांच्या हातात दिला. एक तोंड रुंद, दुसरं निमुळतं, एकात एक बसावं असं. सांध्याला चुना. आतून पांढरट क्षाराचा थरावर थर. चाचा म्हणाले, "भाईसाब, इसमें मोटर नहीं है. सगळा खेळ उताराचा." उतार जास्त झाला तर पाण्याच्या जोराने नळ फुटतात, कमी झाला तर गाळ बसतो. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी गोळा करायचं, जमिनीखालून गावात आणायचं आणि मधे मधे मनोरे बांधून दाब आणि हवा सांभाळायची. काकांनी तुकडा फिरवून फिरवून पाहिला, "कमाल आहे" म्हणाले. आणि संध्याकाळी जेवताना पुन्हा, "पण शहर औरंगजेबाचंच." तेव्हापासून आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात हा वाद होतो.

म्हणून इथे नीट लिहिते. मलिक अंबर हबशी, म्हणजे मूळचा आफ्रिकेतल्या इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकला जात दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांकडे गेला होता. राजधानीला नवी जागा हवी होती. खडकीला दौलताबादचा किल्ला जवळ, खाम नदी आणि मागे डोंगर. पण हजारो माणसं राहतील इतकं पाणी नव्हतं, म्हणून त्याने नहर खोदली. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा बांधला. १६१६ मध्ये मोगलांनी खडकीची पार धूळधाण केली, ती त्याने पुन्हा उभी केली. त्याच्या पदरी मराठे सरदार होते. मालपुरा, खेलपुरा ही पुऱ्यांची नावं भोसल्यांच्या मालोजी-खेलोजींवरून आली असं मानतात. १६२४ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरच्याच बाजूने लढले. १६२६मध्ये अंबर गेला, मुलगा फतेहखान याने गावाचं फतेहनगर केलं. औरंगाबाद हे नाव आलं १६५३मध्ये, औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना. बारशाला येऊन नाव ठेवणाऱ्याचं मूल होत नाही.

जुन्या शहरातलं बालपण विचाराल तर ते सगळं पायी चालण्यातलं. नवरात्रात पहाटे उठून कर्णपुऱ्याच्या देवीला, गुलमंडीवर सुपारी मारुतीचं दर्शन घेऊन मगच खरेदी, रमजानमध्ये चाचांकडून येणारं नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा (आजी खायची नाही, पण डबा रिकामा परत कधी पाठवला नाही, लाडू घालूनच). शाळेचा रस्ता दरवाज्याखालून जायचा. दरवाजा सरकारी वास्तू असतो हे आम्हाला कळलं ते पाटी लागल्यावर.

आता घर. घ्या. बेगमपुरा, औरंगपुरा, खडकेश्वर, कुठेही घ्या. गल्ल्या अरुंद आहेत, चारचाकी घराबाहेर लावावी लागेल, पण रात्री अकरालाही कोणी तरी ओट्यावर असतं. फक्त भाव विचारायच्या आधी नळ किती दिवसांनी येतो ते विचारा, आणि हौद किती मोठा आहे ते स्वतः झाकण उघडून बघा. जायकवाडीचं पाणी पन्नासेक किलोमीटरवरून उपसून वर चढवावं लागतं आणि ते रोज येत नाही. चारशे वर्षांपूर्वी उतारावर आलेलं पाणी आम्ही नळ फोडून, वर घरं बांधून घालवलं, याचा मला अजून संताप येतो.

दोन गोष्टी राहिल्या. अंबरच्या आधी इथे काहीच नव्हतं असं नाही. खडकी गाव होतंच, आणि डोंगरातली बौद्ध लेणी त्याच्या हजारेक वर्षं आधीची. पाणचक्कीही अंबरची नाही, ती अठराव्या शतकातली, बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची. तटबंदी मात्र औरंगजेबाची, १६८२ची. काकांना एवढं मी देते.

आलात की पहिल्या रविवारी मकबरा नको. आधी भडकल दरवाजा बघा, मग पुढे पाणचक्कीवरून बेगमपुऱ्यात या.