उंदरातला तो हिरवा डाग बहुधा भुलीच्या औषधाचा आहे

तुम्ही लिहिलंय की फ्लोरीन एमआरआयमध्ये पीएफसीई लाल आणि पीएफओबी हिरवा असे दोन रंग धरले (दोन्ही फ्लोरीनवाले द्रव, प्रोब म्हणजे खुणेसाठी टोचलेले). ट्यूबमध्ये दोन्ही स्वच्छ वेगळे दिसतात, पण जिवंत उंदरात पोटाच्या चरबीजवळ हिरवट पसरट डाग येतो. मशीन ७ टेस्ला, भूल आयसोफ्लुरेनची. मग कॉइल (सिग्नल पकडणारी गुंडाळी), शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) यांच्यामागे लागू नका, आधी भूल बघा.

आयसोफ्लुरेनच्या रेणूत ५ फ्लोरीन आहेत आणि ते चरबीत मुरत जातं. स्पेक्ट्रममध्ये त्याची सिग्नलची शिखरं साधारण उणे ८० आणि उणे ८७ पीपीएमला (पीपीएम हे तिथलं वारंवारतेचं माप). पीएफओबीच्या सीएफ३ गटाचं शिखर उणे ८२च्या आसपास, म्हणजे अगदी शेजारी. ७ टेस्लावर १ पीपीएम म्हणजे २८० हर्ट्झ, त्यामुळे उणे ८० आणि उणे ८२ यांच्या मधलं अंतर जेमतेम ५५०-६०० हर्ट्झ. तुमचा पल्स (सिग्नल जागवणारा रेडिओ-स्पंद) २-३ किलोहर्ट्झ रुंदीचा असेल तर तो दोघांनाही उचलणारच. पीएफसीई उणे ९२ला आहे. उणे ८७पासून त्याला १४०० हर्ट्झची जागा मिळते, म्हणून लाल रंग वाचला.

खात्री करायला प्रोब न दिलेला उंदीर त्याच भुलीवर तासभर ठेवा आणि तोच सिक्वेन्स (स्कॅनचा ठरलेला क्रम) चालवा. डाग दिसला, तर प्रश्न मिटला. रीडआउटची (सिग्नल वाचण्याची) दिशा उलटवूनही बघा: ऑफ-रेझोनन्स, म्हणजे प्रोबच्या वारंवारतेपासून हटलेला सिग्नल सरकतो, प्रोबचा जागेवर राहतो.

उपाय दोन. हिरव्यासाठी सीएफ३ऐवजी पीएफओबीच्याच सीएफ२बीआर गटाचं शिखर घ्या (उणे ६४च्या आसपास). ३ऐवजी २ फ्लोरीन मिळतील, म्हणजे सिग्नल तिसऱ्या हिश्शाने कमी, सरासरीसाठी तेच स्कॅन जास्त वेळा घेऊन भरून काढा. मला हाच रस्ता पटतो. दुसरा, केटामाइन-झायलाझीन, म्हणजे फ्लोरीन नसलेली टोचायची भूल. सेवोफ्लुरेनकडे वळून काही उपयोग नाही, त्यातही फ्लोरीनच. मात्र केटामाइन शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत) आहे, नोंदवही चोख लागते, आणि भूल लांब स्कॅनला पुरत नाही. डोस पशुवैद्यांकडूनच ठरवून घ्या, माझ्या सांगण्यावर नको.

आणि मंजूर प्रोटोकॉलमधली भूल बदलायची तर प्राणी-प्रयोगांच्या नैतिक समितीकडून दुरुस्ती मंजूर करून घ्यावी लागते. सगळ्यात महाग पडतं ते हेच. आमची फाइल एका कार्यालयात ‘औषधच तर बदलायचंय, घाई कसली’ म्हणत पडून राहिली, तोवर फ्रीजमधल्या इमल्शनमधले (पाण्यात बारीक करून मिसळलेल्या प्रोबचे) थेंब मोठे होत गेले. त्यामुळे अर्ज पहिल्यांदा भरतानाच दोन्ही भुली लिहून टाका. तिथल्या बाबूंना स्पेक्ट्रम समजावत बसू नका, कोणी ऐकत नाही.

जाता जाता: इमल्शन पवईत बनवून खारघरला नेत असाल तर बाटली गोठवलेल्या जेलपॅकला टेकू देऊ नका. इमल्शन गोठलं की फुटतं, आणि तळाशी जड पारदर्शक थेंब दिसतात. तो लॉट सरळ फेकायचा, पुन्हा सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी थेंब फोडून) टोचायचा नाही.