जर्मनीत 1989 ची जुनी मोटरहोम घ्यावी का? दुरुस्ती स्वतः करता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: म्युनिकजवळ राहता, मुलं सहा आणि नऊ वर्षांची. फियाट डुकाटो या व्हॅनवर बांधलेली 1989 ची मोटरहोम (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) 9,500 युरोंना मिळतेय. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं, गाद्या-पडदे नवे आहेत. मागच्या कोपऱ्यातून "पूर्वी थोडं पाणी यायचं, आता बंद केलंय" असं मालक म्हणाला. घ्यावी का, आणि दुरुस्ती स्वतः जमेल का?

दुरुस्ती जमते. मी स्टुटगार्टजवळ राहतो आणि 1988 ची अशीच एक गाडी चौदा महिने खपून उभी केली आहे. पण मालकाचं ते शेवटचं वाक्य तुम्हाला इंजिनापेक्षा महाग पडू शकतं, म्हणून सगळं सोडून आधी त्या कोपऱ्यापासून सुरुवात करतो.

त्या काळातल्या बऱ्याच मोटरहोमची भिंत अशी असते: बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत तीन मिलिमीटरचं प्लायवूड, मध्ये लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि पट्ट्यांच्या मधल्या जागेत थर्माकोल. छत आणि भिंत जिथे भेटतात तिथे एक कोपरपट्टी स्क्रूंनी आवळलेली असते आणि तिच्याखाली सीलंट असतं. तीस-पस्तीस वर्षांत ते सीलंट वाळतं, आकसतं. मग स्क्रूच्या भोकातून थेंब-थेंब पाणी आत जातं आणि लाकूड धरून खाली उतरतं. भिंतीला दोन्ही बाजूंनी झाकण असल्यामुळे आत गेलेलं पाणी वाळतच नाही. छताच्या खिडकीशी शिरलेलं पाणी कधी कधी दोन मीटर लांब, पलंगाखालच्या कोपऱ्यात दिसतं. दिसतं तोवर मधलं सगळं लाकूड कुजलेलं असतं.

माझे बाबा एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत बॉडी विभागात होते. आयुष्यभर ॲल्युमिनियमचे पत्रे कापले, रिव्हेट मारले. मी पहिली गाडी बघायला गेलो तेव्हा हौसेने त्यांना वीसेक फोटो पाठवले: स्वयंपाकाचा ओटा, पलंग, डॅशबोर्ड. त्यांनी एकच विचारलं, "छपराच्या कोपऱ्याचा फोटो कुठाय?" तो मी काढलाच नव्हता. परत गेलो. कोपऱ्यातला नवा वॉलपेपर अंगठ्याने दाबला तर अंगठा आत गेला. ती गाडी सोडली. नवे पडदे, नव्या गाद्या, नवा वॉलपेपर दिसला की तेव्हापासून मी आधी विचारतो, हे आत्ताच का बदललं?

दुसरी गाडी 7,800 युरोंना घेतली. तीही पूर्णपणे कोरडी नव्हती. मागच्या पलंगाच्या वर तळहाताएवढ्या जागेत प्लायवूडला लाट आली होती. ती मी पाहिली होती आणि तेवढे पैसे कमी करूनही घेतले होते. हिवाळ्यात उघडलं तेव्हा तळहाताएवढी जागा एक मीटर साठ सेंटिमीटर झाली. सांगाड्याची पट्टी बोटांनी चुरडली तर चहाच्या भुकटीसारखी हातात आली. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, बाहेरून जेवढं दिसतंय त्याच्या चौपट तरी धरा आणि मग किमतीचं बोला.

तुमचा मालक "बंद केलंय" म्हणतो, म्हणजे नेमकं काय केलंय ते शिडी लावून बघा. कोपरपट्टीवर चकचकीत, रबरासारखा थर ओढलेला असेल तर ते बहुधा सिलिकॉन आहे. सिलिकॉन इथे नुसतं कुचकामी नाही, घातक आहे. वरून पाणी थांबल्यासारखं वाटतं, पण आत शिरलेलं पाणी अडकून राहतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन ॲल्युमिनियमलाही खातं. आणि एकदा ते लागलं की त्यावर दुसरं कुठलंच सीलंट नीट चिकटत नाही. माझ्या गाडीच्या डाव्या बाजूचं असलं सिलिकॉन प्लास्टिकच्या पात्याने खरवडण्यात माझे तीन शनिवार गेले. योग्य काम म्हणजे पट्टी पूर्ण काढायची, जुनं सीलंट साफ करायचं, ब्युटाइलचं (मऊच राहणाऱ्या रबराचं) सीलंट लावायचं आणि स्टेनलेस स्टीलच्या नव्या स्क्रूंनी पट्टी परत बसवायची. ब्युटाइल कडक होत नाही, पत्र्याबरोबर हलतं आणि दहा वर्षांनी पुन्हा उघडता येतं. पॉलियुरेथेनचा गोंद पट्टीखाली वापरू नका. तो इतका घट्ट धरतो की पुढच्या वेळी पट्टी वाकल्याशिवाय निघत नाही. ॲक्रिलिकच्या खिडक्यांना तर तो अजिबात लावू नका, त्यांना बारीक तडे जातात.

तीसेक युरोंना दोन सुयांचं ओलावामापक मिळतं, ते घेऊनच जा. आधी आतल्या कपाटाच्या मधल्या फळीवर, जिथे पाणी पोचूच शकत नाही अशा जागी, टोचून आकडा बघा. तो तुमचा कोरडा आकडा. मग कपाटांच्या आत, छताच्या खिडक्यांभोवती, पलंगाखाली, चाकांच्या कमानींजवळ आणि चालकाच्या डोक्यावरच्या पलंगाच्या पुढच्या कडेला टोचा. हा पुढे आलेला भाग जर्मनमध्ये अल्कोव्हन. वारा आणि पाऊस समोरून तिथेच आदळतो, त्यामुळे तो सगळ्यात आधी कुजतो. कोरड्या आकड्याच्या थोडं वर असेल तर चालेल. वीस टक्क्यांच्या वर गेलं तर तिथे पाणी आहे असंच समजा. मापकाशिवायही बरंच कळतं. बाबा बोटाच्या पेराने भिंत ठोकत जातात, चांगल्या लाकडाचा आवाज टणक येतो आणि कुजलेल्याचा भद्द. बाहेरच्या पत्र्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं किंवा पांढरी भुकटी दिसली, तर पत्रा आतल्या ओलाव्याने आतूनच खाल्ला गेलाय.

आता दुरुस्तीचं. आधी बाहेरून पाणी बंद, मग आतून उघडायचं, मग वाळवायचं आणि शेवटी नवं लाकूड. हा क्रम मोडू नका. मी एका शेतकऱ्याचं जुनं कोठार महिना 70 युरोंनी भाड्याने घेतलं होतं. ते नसतं तर काम झालंच नसतं, कारण उघडलेली गाडी पावसात ठेवता येत नाही. हवेतला ओलावा ओढणारं यंत्र पाच आठवडे चालू ठेवलं तेव्हा कुठे उरलेलं लाकूड कोरडं झालं. घाई केली असती तर नव्या प्लायवूडमागे पुन्हा बुरशी आली असती.

मे महिन्यात बाबा तीन महिन्यांसाठी आले आणि कामाला खरी गती आली. कुजलेली पट्टी काटकोनात कापून नवी टेकवायला मी निघालो होतो. त्यांनी करवत हातातून घेतली. जोड तिरका काप देऊनच करायचा, म्हणजे गोंदाला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि गाडी खड्ड्यात आदळली तरी जोड उघडत नाही. प्रत्येक तुकड्याचा आधी पुठ्ठ्याचा साचा, मग लाकूड. थर्माकोलच्या जागी एक्सपीएस नावाच्या फोमचे दाट शीट घातले, ते पाणी पीत नाहीत. एक चूक तुम्ही करू नका: फुगणारा पॉलियुरेथेन गोंद भरून तसंच सोडलं तर तो बाहेरचा पातळ पत्रा ढकलतो आणि गाडीला कायमचा फुगवटा येतो. बाबांनी बाहेरून सरळ फळी लावून तिला टेकू दिला, आतून समोरच्या भिंतीपर्यंत दांडके अडकवून दाब दिला आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पत्र्यावरून हात फिरवून ते फक्त "बसलं" म्हणाले. तो हात फिरवण्याचा क्षण मला या गाडीतल्या कुठल्याही प्रवासापेक्षा जास्त आठवतो.

इंजिनाबद्दल कमी लिहितो, कारण त्यात भिण्यासारखं कमी आहे. त्या काळच्या डुकाटोत अडीच लिटरचं साधं डिझेल इंजिन मिळायचं, टर्बो नसलेलं साधारण 75 अश्वशक्तीचं. आल्प्सच्या चढावर ट्रकमागे शांत बसायची तयारी ठेवा, बाकी ते इंजिन चिवट आहे. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललाच नाही असं धरा. तुटला तर वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. टायरची नक्षी बघून फसू नका, या गाड्या वर्षातले अकरा महिने उभ्या असतात. टायरच्या बाजूवर डॉट क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. दहा वर्षं उलटली असतील तर बदला. ब्रेकचे रबरी पाइपही तसेच.

गॅसला मात्र स्वतः हात लावू नका. रबरी नळी आणि रेग्युलेटर दर दहा वर्षांनी बदलावे लागतात, गॅसची तपासणी दर दोन वर्षांनी करावी लागते आणि गॅस हीटरचा हीट एक्स्चेंजर तीस वर्षांनी बदलावाच लागतो. तुमच्या गाडीत तो मूळचाच असेल तर ती मुदत संपून गेलीय. जुनी जर्मन उपकरणं 50 मिलिबार दाबावर चालायची, नवी 30 वर चालतात. त्यामुळे एखादंच उपकरण नवं आणून जोडता येत नाही. विजेचं काम सोपं आहे, फक्त लिथियमची बॅटरी घालणार असाल तर मधे चार्जिंग बूस्टर (प्रवाह आवरणारं उपकरण) हवाच, नाहीतर ती जुन्या अल्टरनेटरकडून झेपणार नाही एवढा प्रवाह ओढते.

तुम्हाला दोन मुलं आहेत, म्हणून ही गोष्ट खरं तर मी पाण्याच्याही आधी लिहायला हवी होती. मागच्या बाकांना सुरक्षा पट्टे (सीटबेल्ट) आहेत का? त्या काळातल्या अनेक मोटरहोममध्ये जेवणाच्या टेबलाजवळच्या बाकांना एक तर पट्टेच नसतात किंवा फक्त कमरेचे असतात. इथे बारा वर्षांखालच्या आणि दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना बालआसन लागतं, आणि बहुतेक आसनांना तीन टोकांचा पट्टा हवा. बाक म्हणजे नुसती प्लायवूडची पेटी असते, त्यात बोल्ट मारून पट्टा लावणं म्हणजे धडकेच्या वेळी पेटीसकट मूल पुढे फेकलं जाणं. गाडीच्या तळाला खालून घट्ट धरणारी पोलादी चौकट बसवावी लागते आणि तपासनिसाकडून ती कागदपत्रांत नोंदवून घ्यावी लागते. आमच्या मुलीसाठी मी हे काम वर्कशॉपमधून करून घेतलं आणि त्या खर्चात एक पैसाही वाचवायचा प्रयत्न केला नाही. ट्यूफच्या (वाहनांची तांत्रिक तपासणी करणाऱ्या संस्थेच्या) माणसाशी आधी बोला, मग गाडी घ्या. पहिली नोंदणी होऊन तीस वर्षं झाल्यामुळे तुमच्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची, म्हणजे शेवटी एच अक्षर असलेली पाटी मिळू शकते. तिचा वर्षाचा कर सरसकट 191.73 युरो आहे, आणि कमी प्रदूषणाचा हिरवा स्टिकर नसलेली जुनी डिझेल गाडीसुद्धा त्या पाटीवर शहरांच्या पर्यावरण क्षेत्रात जाऊ शकते. अट एवढीच की गाडी चांगल्या आणि मूळच्या रूपात असावी. म्हणून आतला जुना तपकिरी लाकडी संच उपटून सगळं पांढरं करायचा मोह आवरा. जुनं सामान मूळचं कसं दिसायचं ते बघायचं असेल तर बाड वाल्डझेचं एर्विन हायमर संग्रहालय तुमच्यापासून फार लांब नाही. मुलांनाही आवडेल.

परवान्याचंही बघून ठेवा. भारतीय परवाना इथे स्थायिक झाल्यावर सहाच महिने चालतो. जर्मन बी परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालवता येते. जुनी मोटरहोम सामान, पाणी आणि चार माणसं धरून त्या मर्यादेला सहज भिडते, म्हणून भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर नेऊन बघा.

माझा हिशेब सांगतो. गाडी 7,800. त्यावर चौदा महिन्यांत सुमारे 6,400 युरो गेले: लाकूड-प्लायवूड-सीलंट साधारण 1,150, टायर 480, इंजिन आणि ब्रेक 1,300, गॅसचं 850, वीज आणि बॅटरी 900, बाकी कोठाराचं भाडं, छताच्या दोन खिडक्या आणि कापड. मागच्या सीटबेल्टचं काम यात धरलेलं नाही. माझे आणि बाबांचे मिळून चारशेच्या वर तास. आम्हाला ते तास हवे होते, म्हणून ते खर्चात कधी मोजले नाहीत. तुम्हाला पुढच्याच उन्हाळ्यात मुलांना घेऊन निघायचं असेल आणि शनिवार मोकळे नसतील, तर ही गाडी तुमच्यासाठी नाही.

तेव्हा पुन्हा बघायला जाल ते पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. मालकाला आधीच सांगा की कपाटं रिकामी ठेवा आणि पलंगाच्या गाद्या उचलून ठेवा. त्याने नाही म्हटलं तर जाऊच नका. मागचा कोपरा कोरडा निघाला आणि पट्टी खरोखर काढून बसवलेली असेल तर 9,500 ही किंमत मला रास्त वाटते. ओला निघाला तर सहा हजारांच्या वर जाऊ नका, आणि ओलावा अल्कोव्हनमध्येही असेल तर कितीही कमी करून दिली तरी सोडून द्या. मोजलेले आकडे आणि कोपरपट्टीचा जवळून काढलेला फोटो इथे टाकलात तर मी बघून सांगेन. बाबांनाही दाखवीन, ते आता पुण्यात आहेत पण फोटो बघायला उत्सुक असतात.